धडा घरीं, अभ्यास वर्गांत

मागच्या श्रावणांतली गोष्ट. संध्याकाळचे साडेसात झाले होते. छत्रपती संभाजीनगरांत, समर्थनगरांतील आमच्या घरीं ही वेळ मोठ्या गडबडीची असते. स्वयंपाकघरांत कुकर लागलेला असतो, नातवंडांचें शुभंकरोति संपून दंगा सुरू झालेला असतो, आणि बाहेरच्या खोलींत आमच्या वडील बंधूंच्या बातम्या इतक्या मोठ्यानें चाललेल्या असतात कीं, त्या शेजाऱ्यांनाही निराळ्या लावाव्या लागत नाहींत. अशा ऐन वेळीं आमची धाकटी सून मधल्या खोलीच्या कोपऱ्यांत, भिंतीकडे तोंड करून, कानांत इयरफोन घालून मोबाईलकडे टक लावून बसली होती. मांडीवर वही होती. स्वयंपाकघरांतून दोन हाका आल्या, त्या तिला ऐकूं गेल्या नाहींत. तिसऱ्या हाकेंतला सूर ओळखून आम्हीच पुढें झालों आणि हें काय चाललें आहे म्हणून विचारलें.

"बाबा, उद्यांचा धडा आहे. सरांनीं पाठवला आहे. वर्गांत जाण्याआधीं ऐकून, टिपून न्यायचा आहे."

सून येथीलच एका महाविद्यालयांत भूशास्त्राच्या एम्. एस्सी. च्या वर्गांत आहे. लग्नानंतर दोन वर्षांनीं तिनें शिक्षण पुन्हां सुरू केलें, त्याचें आम्हांला कौतुकच आहे. परंतु त्या क्षणीं कौतुक मागें पडलें आणि जरा खोंचक स्वरांत आम्ही बोलून गेलों, "म्हणजे प्राध्यापकांनीं शिकवायचें तें तूं घरींच ऐकणार! मग कॉलेजांत रोज जायचें तें कशाला?"

तिनें शांतपणें उत्तर दिलें, "उद्यां वर्गांत सर सांगणार नाहींत, बाबा, विचारणार आहेत."

या उत्तरानें आम्ही निरुत्तर झालों. पुढें कांहीं दिवस तिच्याकडून थोडें थोडें समजून घेतलें, कांहीं वाचन केलें, ओळखीच्या दोन-तीन प्राध्यापकांशीं बोललों, आणि आपला प्रश्न किती अज्ञानाचा होता हें ध्यानांत आलें. ज्या घरांत कॉलेजांत जाणारा मुलगा, मुलगी किंवा सून आहे, अशा प्रत्येक घरांत हा प्रश्न आज ना उद्यां विचारला जाणार. म्हणून जें समजलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

या पद्धतीला इंग्रजींत 'फ्लिप्ड क्लासरूम' म्हणतात. आपण तिला 'उलटा वर्ग' म्हणूं. उलटें काय झालें, तें पाहण्यासाठीं सुलटें काय होतें तें आधीं आठवलें पाहिजे. आम्ही कॉलेजांत होतों तेव्हां प्राध्यापक वर्गांत येत, हजेरी घेत आणि पाऊण तास बोलत. आम्ही मान खालीं घालून लिहून घेत असूं. कित्येक विषयांत तर बोलणें म्हणजे निव्वळ टिपणें सांगणेंच असे. स्वल्पविराम कोठें द्यावयाचा तेंही सांगितलें जाई. ऐकणें सोपें होतें. खरी अडचण घरीं गेल्यावर, गणित सोडवितांना किंवा निबंध लिहितांना येई. त्या वेळीं जवळ प्राध्यापक नसत, सोबती नसत. वडिलांना विचारावें तर त्यांचा तो विषय नसे. म्हणजे जेथें मदतीची गरज नव्हती तेथें गुरु हजर, आणि जेथें गरज होती तेथें विद्यार्थी एकटा, अशी ही व्यवस्था होती. इतकीं वर्षें ती आपल्याला विचित्र वाटली नाहीं, हेंच खरें विचित्र आहे.

उलट्या वर्गांत या दोन गोष्टींची अदलाबदल करतात. जें केवळ ऐकून किंवा वाचून समजण्यासारखें आहे, तें विद्यार्थ्यानें आदल्या दिवशीं घरीं पाहून यावें. त्यासाठीं प्राध्यापक दहा-बारा मिनिटांची चित्रफीत करून देतात, किंवा पुस्तकांतलीं चार पानें नेमून देतात. मग वर्गांतला तास मोकळा होतो. तो तास प्रश्नांसाठीं, उदाहरणांसाठीं, वादासाठीं आणि चुका करण्यासाठीं.

सुनेच्या त्या दुसऱ्या दिवशींच्या तासाचें वर्णन आम्हीं तिच्याकडून मुद्दाम ऐकलें. धडा होता आपल्या पायाखालच्या खडकाचा. मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थर एकावर एक पसरून तो तयार झाला. वेरूळचीं लेणीं याच खडकांत कोरलेलीं आहेत. या थरांपैकीं कांहीं घट्ट असतात, त्यांत पाण्याला जागाच नसते. कांहीं थरांत वायूच्या बुडबुड्यांनीं झालेलीं छिद्रें असतात. पण तीं एकमेकांना जोडलेलीं नसलीं किंवा दुसऱ्या खनिजांनीं भरून गेलेलीं असलीं, तर असा सच्छिद्र दिसणारा खडकही पाणी देत नाहीं. पाणी मिळतें तें मुख्यतः जेथें खडक झिजून भुसभुशीत झाला आहे किंवा त्याला भेगा आहेत तेथें. एवढें सारें तिनें आदल्या रात्रीं कुकरच्या शिट्ट्यांमध्यें ऐकून घेतलें होतें.

वर्गांत सरांनीं फळ्यावर एकच प्रश्न लिहिला. एका गांवांत पन्नास पावलांच्या अंतरावर दोन विहिरी आहेत, खोली सारखीच. चैत्रांत एकीला पाणी आहे आणि दुसरी कोरडी आहे, तर असें कां? चार-चार जणांचे गट केले. प्रत्येक गटाला त्या विहिरी खोदतांना किती फुटांवर कसला खडक लागला याची नोंद असलेला कागद दिला. प्रथम प्रत्येकानें एकट्यानें उत्तर लिहावयाचें, मग गटांत तें दुसऱ्याला पटवून द्यावयाचें, आणि पटलें नाहीं तर भांडावयाचें. सर बांकांमधून फिरत होते. कोणी विचारलें तर उत्तर न देतां दुसरा प्रश्न विचारीत होते. शेवटचीं वीस मिनिटें मात्र ते बोलले, आणि तेही वर्गांतल्या बहुतेकांची जी चूक झाली होती तेवढ्यावरच. "छिद्रें आहेत म्हणजे पाणी वाहणारच, असें आम्हां सगळ्यांना वाटलें होतें," सून म्हणाली, "ही चूक आतां जन्मांत विसरणार नाहीं."

आतां ही कल्पना आली कोठून तें पाहूं. अमेरिकेंतील कोलोरॅडो संस्थानांत वुडलँड पार्क नांवाचें लहान गांव आहे. तेथल्या हायस्कुलांत जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स हे रसायनशास्त्राचे दोन शिक्षक होते. खेळांच्या सामन्यांसाठीं मुलें वारंवार परगांवीं जात आणि त्यांचे तास बुडत. तेव्हां २००७ सालीं या दोघांनीं आपले धडे चित्रित करून मुलांना पाहावयास ठेवले. थोड्याच दिवसांत त्यांच्या लक्षांत आलें कीं, गैरहजर मुलांनाच काय, हजर असलेल्यांनाही ते धडे उपयोगी पडतात. मग तोच मजकूर वर्गांत पुन्हां बोलण्यांत वेळ कां दवडावा? २०१२ सालीं त्यांनीं या अनुभवावर पुस्तक लिहिलें आणि 'फ्लिप्ड' हा शब्द जगभर झाला. परंतु विद्यापीठांत या विचाराची सुरुवात त्याआधींच झाली होती. ओहायोंतील मायामी विद्यापीठाच्या तीन अर्थशास्त्रज्ञांनीं असाच उलटविलेला वर्ग चालवून २००० सालीं त्याची हकीकत प्रसिद्ध केली होती.

त्याहूनही बोधप्रद गोष्ट हार्वर्डच्या एरिक माझुर यांची आहे. हे पदार्थविज्ञानाचे नामांकित अध्यापक. विद्यार्थी त्यांच्यावर खूष, परीक्षांचे निकालही चांगले. १९९० च्या सुमारास त्यांनीं गति आणि बल यांवरील अगदीं साध्या, आंकडेमोड नसलेल्या प्रश्नांची एक चांचणी आपल्या वर्गाला दिली. तेव्हां एका विद्यार्थिनीनें विचारलें कीं, उत्तरें तुम्हीं शिकविल्याप्रमाणें लिहूं, कीं मला स्वतःला वाटतें त्याप्रमाणें? या प्रश्नानें माझुर हादरले. शिकविलेलें एकीकडे आणि पटलेलें दुसरीकडे, असे दोन कप्पे विद्यार्थ्यांच्या मनांत तयार झाले होते आणि परीक्षेला त्याचा पत्ताही लागला नव्हता. तेव्हांपासून त्यांनीं वर्गांतलें व्याख्यान कमी केलें. विद्यार्थ्यांनीं वाचून यावें, वर्गांत प्रश्न घालावा, प्रत्येकानें उत्तर द्यावें, मग शेजाऱ्याशीं वाद करून पुन्हां उत्तर द्यावें, असा क्रम त्यांनीं ठेवला. नुकतेंच समजलेला सोबती आपली अडचण प्राध्यापकापेक्षां अधिक चांगली जाणतो, कारण ती अडचण त्याची स्वतःची कालपर्यंतची असते, असा त्यांचा अनुभव होता.

हें सर्व वाचून आम्हांला वाटलें कीं, यांत आपल्याला परकें असें थोडेंच आहे. विद्येचे चार पाव सांगणारें सुभाषित आपल्या घराघरांत ठाऊक आहे; त्यांत गुरूच्या वांट्याला एकच पाव आलेला आहे, आणि सहाध्यायांनाही तेवढाच मान दिलेला आहे, याकडे मात्र आपण लक्ष देत नाहीं. येथून पन्नासएक किलोमीटरवर पैठण आहे. तेथील शास्त्री-पंडितांची कीर्ति एके काळीं साऱ्या देशांत होती. शास्त्रांच्या पाठशाळांतून गुरूनें पाठ द्यावा आणि विद्यार्थ्यांनीं आपसांत त्याची चिंतनिका करावी, पूर्वपक्ष मांडावा, तो खोडावा, अशी रीत असे. नुसतें ऐकून घेणाऱ्याला तेथें कोणी विद्वान म्हणत नसे. अर्थात् त्या पाठशाळेचें दार फार थोड्यांना उघडें होतें. आमची ही सूनच त्या काळीं तेथें बसूं शकली नसती, आणि समाजाच्या मोठ्या भागाला तर त्या ओट्यावरही पाऊल ठेवतां आलें नसतें. म्हणून त्या रीतीचा अभिमान बाळगतांना ही गोष्ट विसरून चालणार नाहीं.

तें दार ज्यांनीं मराठवाड्यांत सर्वांसाठीं उघडलें त्यांनींही प्रश्न विचारण्यालाच पहिला मान दिला, हा योगायोग नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें १९५० सालीं या शहरांत महाविद्यालय सुरू केलें. त्याला नांव मिळालें मिलिंद, आणि तो परिसर झाला नागसेनवन. मिलिंद म्हणजे ग्रीक वंशाचा राजा मिनँडर, आणि नागसेन म्हणजे त्याच्या शंकांना उत्तरें देणारा भिक्षु. ज्या पाली ग्रंथामुळें ही जोडी अमर झाली तो ग्रंथ प्रश्नोत्तरांचाच आहे. महाविद्यालयाचें नांव उत्तर देणाऱ्या गुरूवरून न ठेवतां विचारणाऱ्या शिष्यावरून पडावें, यांत फार मोठा अर्थ आहे असें आम्हांला वाटतें. मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठीं नेमलेल्या समितीपुढें १९२४ सालीं बाबासाहेबांनीं निवेदन केलें होतें. विद्यापीठीय शिक्षणाचा हेतु विद्यार्थ्याच्या मनांत माहिती भरणें हा नसून त्याच्या बुद्धीला स्वतः श्रम करावयास लावणें हा असावा, आणि मोठमोठ्या ग्रंथकारांनाही पारखून घेण्याची संवय त्याला लागावी, असा त्यांतील विचाराचा आशय होता. उलट्या वर्गाचा पुरस्कार करणाऱ्या आजच्या पंडितांना याहून निराळें कांहींच सांगावयाचें नाहीं.

मग व्याख्यानाची पद्धति इतकी रुजली कशी? तिला कारण आहे, आणि तें कारण प्रामाणिक आहे. इंग्रजी 'लेक्चर' या शब्दाचें मूळ 'वाचणें' या अर्थाच्या लॅटिन धातूंत आहे. युरोपांत छापखाना येण्यापूर्वीं ग्रंथ हातानें लिहिलेले आणि महाग असत. म्हणून एकानें वाचावें आणि बाकीच्यांनीं लिहून घ्यावें, हाच शहाणपणाचा मार्ग होता. आमच्या मराठवाड्यांतही ग्रंथांची टंचाई फार काळ होती. येथलें विद्यापीठ १९५८ सालीं स्थापन झालें. त्यापूर्वीं येथील उच्च शिक्षण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशीं जोडलेलें होतें आणि तेथें शिक्षणाचें माध्यम उर्दू होतें. पुढें खेड्यापाड्यांतून घरांतला पहिला शिकणारा म्हणून जो मुलगा शहरांत आला, त्याच्याजवळ पुस्तक नव्हतें, विकत घेण्यास पैसा नव्हता. त्याच्यासाठीं प्राध्यापक हेंच पुस्तक होतें आणि वहींतलीं टिपणें हाच ग्रंथसंग्रह. त्या टिपणांवर पिढ्या शिकल्या, नोकरीला लागल्या, घरें वर आलीं. त्यांचा उपहास करण्याचें पाप आम्ही करणार नाहीं. परंतु टंचाईच्या काळांतली सोय सुबत्तेच्या काळांत नियम होऊन बसूं नये.

आज ती टंचाई बरीच हटली आहे. आयआयटी आणि बंगळूरची विज्ञानसंस्था यांनीं २००३ पासून 'एनपीटीईएल' या योजनेंत आपलीं व्याख्यानें सर्वांना खुलीं केलीं. केंद्र सरकारनें २०१७ सालीं 'स्वयम्' हें व्यासपीठ सुरू केलें. पुढें २०२० सालीं करोनाच्या सांथीनें महाविद्यालयांचीं दारें बंद झालीं आणि प्राध्यापकांना मोबाईलपुढें उभें राहून शिकवावें लागलें. त्या काळांतील हाल आठवून पुष्कळांना अजून या साऱ्या प्रकाराचा तिटकारा आहे. परंतु तो उलटा वर्ग नव्हता. तो बिनवर्गाचा वर्ग होता. उलट्या वर्गांत चित्रफीत हा केवळ उंबरठा आहे, खरें घर पुढें आहे. चित्रफीत पाठवून जो प्राध्यापक वर्गांत पुन्हां तेंच बोलतो, किंवा वर्गच घेत नाहीं, त्यानें उंबरठ्यावरच पाहुण्याची बोळवण केली असें समजावें.

या पद्धतीनें खरोखर फरक पडतो काय? विज्ञान, गणित आणि अभियांत्रिकी या विषयांच्या वर्गांवर झालेल्या २२५ अभ्यासांचा एकत्र विचार करून अमेरिकन संशोधकांनीं २०१४ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापास होणाऱ्यांचें प्रमाण सरासरी शेंकडा ३४ च्या आसपास, आणि विद्यार्थ्यांकडून कांहीं करवून घेणाऱ्या वर्गांत शेंकडा २२ च्या आसपास आढळलें. हे सर्व वर्ग उलटे नव्हते, ही गोष्ट खरी. पण वर्गांतला वेळ विद्यार्थ्याच्या हातीं देणें हें तत्त्व त्यांत समान होतें.

दुसरा एक प्रयोग हार्वर्डमधलाच, २०१९ सालीं प्रसिद्ध झालेला. तो प्रत्येक पालकानें लक्षांत ठेवण्याजोगा आहे. एकाच विषयाचा एकच भाग कांहीं विद्यार्थ्यांना सुंदर व्याख्यानानें शिकविला आणि कांहींना स्वतः झगडावयास लावून. चांचणींत झगडणारे पुढें गेले. पण आपण किती शिकलों असें विचारल्यावर, व्याख्यान ऐकणाऱ्यांनाच आपण अधिक शिकलों असें वाटत होतें! ओघवतें भाषण ऐकतांना सर्व समजल्यासारखें वाटतें. स्वतः करूं गेल्यावर आपलें अज्ञान उघडें पडतें आणि माणूस खट्टू होतो. तेव्हां मुलगा घरीं येऊन "सर कांहीं शिकवीतच नाहींत, नुसते प्रश्न विचारतात" अशी तक्रार करूं लागला, तर वडिलांनीं लगेच फीचा हिशेब काढूं नये. एखादे वेळीं त्याचें शिक्षण त्याच आठवड्यांत सुरू झालेलें असेल.

याचा अर्थ या पद्धतींत दोष नाहींत असा नव्हे. पहिला दोष प्राध्यापकांच्या बाजूचा. दहा मिनिटांच्या जागीं एक-एक तासाच्या चार चित्रफिती पाठविल्या, तर विद्यार्थी एकही पाहात नाहींत, आणि दुसऱ्या दिवशीं अर्धा वर्ग कोरा येतो. म्हणून धडा लहान हवा, आणि वर्गाच्या आरंभीं पांच मिनिटांत तो पाहिला कीं नाहीं हें समजेल असा एखादा प्रश्न हवा. दुसरा दोष संख्येचा. पदवीच्या वर्गांत शंभर-सव्वाशें मुलें आणि बांकें जमिनीला ठोकलेलीं. तेथें चार-चारांचे गट करणें म्हणजे कसरतच. तरी शेजाऱ्याशीं बोलावयास बांक हलवावें लागत नाहीं. तिसरा दोष परीक्षेचा, आणि तो सर्वांत मोठा. वर्षभर 'कां' विचारावयाचें आणि परीक्षेंत 'टीपा लिहा' म्हणावयाचें, हें चालावयाचें नाहीं. विद्यार्थी चतुर असतो. ज्याला गुण मिळतात तेंच तो करतो. शिवाय असा धडा तयार करणें हें प्राध्यापकाचें दुप्पट काम आहे. त्याच्या जागा रिकाम्या ठेवून, एकाकडून तिघांचें काम करवून घेऊन नव्या पद्धतीची अपेक्षा करणें अन्यायाचें होईल.

परंतु ज्यासाठीं आम्हीं हा लेख लिहावयास घेतला तो मुद्दा याहून निराळा आहे. व्याख्यानाच्या पद्धतींत शिक्षणाचें पहिलें पाऊल कॉलेजच्या चार भिंतींत पडत होतें. तेथें श्रीमंताचा मुलगा आणि गरिबाची मुलगी एकाच फळ्याकडे पाहात. निदान तो तास दोघांना सारखा होता. उलट्या वर्गांत पहिलें पाऊल घरांत पडतें. आणि घरें सारखीं नसतात. एखाद्या घरांत तीन भावंडांत एक मोबाईल असतो आणि तो बहुधा थोरल्या मुलाच्या खिशांत असतो. वसतिगृहांत राहून 'कमवा व शिका' योजनेंत काम करणारा विद्यार्थी रात्रीं दमून येतो. गांवाकडे रेंज जाते, वीज जाते. अशांसाठीं महाविद्यालयांनीं ग्रंथालय संध्याकाळीं उघडें ठेवावें, चित्रफितीबरोबर तोच धडा दोन पानांत छापून द्यावा. हीं कामें अवघड नाहींत. तीं झालीं नाहींत, तर पुढें असलेले आणखी पुढें जातील, मागें असलेले आणखी मागें पडतील आणि दोष मात्र मुलांच्या आळसाला दिला जाईल.

आणि जेथें मोबाईल आहे, वीज आहे, खोल्याही आहेत, अशा आपल्यासारख्या एकत्र कुटुंबांत काय स्थिति असते? आम्हीं स्वतःच्याच घराकडे पाहिलें आणि मनांत ओशाळलों. आमचा नातू दहावीला असतांना तो अभ्यासाला बसला कीं दूरदर्शन बंद होत असे, दूध जागेवर जात असे, पाहुण्यांनाही हळू बोलावयास सांगितलें जाई. सुनेच्या अभ्यासाला मात्र घरांत वेळच नेमलेली नव्हती. सर्वांचें सर्व आटोपून जें उरेल तें तिचें, असें कोणी न ठरवितां ठरून गेलेलें होतें. पूर्वींच्या पद्धतींत तें खपून जात होतें, कारण कॉलेजांत गेल्यावर तरी तिला तीन-चार तास कोणी हाक मारीत नसे. आतां तिचा वर्ग संध्याकाळीं साडेसातला, मधल्या खोलीच्या कोपऱ्यांत भरूं लागला होता, आणि आम्ही सगळे त्या वर्गांत मोठ्यानें बोलत हिंडत होतों. तिनें त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. ती फक्त भिंतीकडे तोंड करून बसत होती.

त्या आठवड्यांत रात्रीच्या जेवणानंतर आम्हीं हा विषय काढला. थोडी कुरबुर झाली. "आम्हीं घरचें सारें सांभाळूनच शिक्षण केलें," असें घरांतून ऐकावें लागलें, आणि तें खरेंही होतें. त्या श्रमांची आम्हीं कधीं नोंद घेतली नव्हती, हीही चूक त्याच वेळीं पदरांत पडली. शेवटीं ठरलें तें एवढेंच. साडेसात ते साडेआठ सुनेला कोणी हाक मारावयाची नाहीं. बातम्या त्या तासांत बंद. आमच्या बंधूंना, ज्यांना घरांत सर्व आबा म्हणतात, हा त्याग सर्वांत जड गेला. पोळ्यांचें काम मोठ्या सुनेकडे आणि सकाळचे डबे धाकटीकडे, अशी वांटणी झाली. कुकरच्या शिट्ट्या मोजून तो बंद करण्याचें काम आम्हीं पत्करलें. सत्तरीच्या घरांत आलेल्या गृहस्थाला तें जमणार नाहीं अशी सर्वत्र शंका होती. पहिल्या दिवशीं ती खरी ठरली, नंतर नाहीं.

याचें फळ फार लवकर दिसलें. पैठण तालुक्यांत आमचें थोडें शेत आहे. २०१२-१३ च्या दुष्काळांत तेथें एक बोअर घेतली होती, २०१६ सालीं दुसरी. दोन्ही कोरड्या गेल्या. यंदा आबांच्या मनांत तिसरी घ्यावयाचें होतें, जागाही त्यांनीं मनाशीं ठरविली होती. एके रात्रीं पानावर बसलें असतां त्यांनीं तो बेत सांगितला. सून वाढीत होती. ती हळूच म्हणाली, "आबा, आधींच्या दोन बोअरांना किती फुटांवर कसला खडक लागला, तें कोणी लिहून ठेवलें आहे कां?"

कोणीं लिहून ठेवलें नव्हतें. दोनदां पैसा जमिनींत घातला, पण एवढा साधा प्रश्न घरांतल्या पांच शिकलेल्या पुरुषांपैकीं एकालाही सुचला नव्हता. आबा बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "नाहीं ठेवलें, बाळ. मग आतां काय करावें?" तिसरी बोअर तूर्त थांबली आहे. आधीं भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे चौकशी करावी, जागेची पाहणी व्हावी, आणि मगच पैसा घालावा, असें ठरलें आहे. पाणी लागेल कीं नाहीं तें जमीन ठरवील. पण विचारल्याशिवाय खोदावयाचें नाहीं, एवढें आमच्या घरानें त्या रात्रीं शिकून घेतलें, आणि शिकविणारी घरांतलीच होती.

वाचकहो, पुढील वर्षांत तुमच्याही घरीं कोणी संध्याकाळच्या ऐन गडबडींत मोबाईल घेऊन कोपऱ्यांत बसेल. तो खेळ आहे कीं धडा, हें एकदां जवळ जाऊन पाहावें. धडा असेल तर तेवढा तास बातम्यांचा आवाज कमी करावा, आणि दुसऱ्या दिवशीं जेवतांना "आज वर्गांत काय विचारलें?" असें आवर्जून विचारावें. आम्ही रोज विचारतों. उत्तर पुष्कळदां आम्हांला समजत नाहीं; तेव्हां आम्ही पुन्हां विचारतों.